कालचा ‘उद्या’ आणि आजची मुले

जुन्या विज्ञानपटांनी भविष्यातल्या म्हणून ज्या तारखा दिल्या होत्या, त्या एकामागून एक येऊन गेल्या. ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या चित्रपटाने मानवजातीच्या संहारासाठी २९ ऑगस्ट १९९७ हा दिवस मुक्रर केला होता. तो शुक्रवार उजाडला आणि मावळला. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधले २००१ साल सरून इतकी वर्षे झाली की त्या साली जन्मलेली मुले आता नोकरीला लागली आहेत. ‘ब्लेड रनर’मधला नोव्हेंबर २०१९ गेला. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात २१ ऑक्टोबर २०१५ रोजी मोटारी आकाशातून उडणार होत्या. त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडी ते शिक्रापूर चौक या टापूत त्या जमिनीवरूनसुद्धा धड सरकत नव्हत्या, हे या रस्त्याने रोज जाणारा कोणीही सांगेल.

कालच्या माणसांनी कल्पिलेला ‘उद्या’ असा माळ्यावरच्या जुन्या दिनदर्शिकेसारखा झाला असताना, आजच्या दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे चित्रपट दाखवावेत का? आणि दाखवले तर त्यांना त्यात काय सापडते? आमच्या पिढीतल्या चित्रपटवेड्या मंडळींचे यावरचे उत्तर ठरलेले असते. ‘आजच्या पोरांना धीर नाही, त्यांना तीस सेकंदांच्या वर काही बघवत नाही.’ एवढे बोलून एक सुस्कारा टाकला की विषय संपतो. मला हे उत्तर मान्य नाही. जुन्या विज्ञानपटांतले बरेच काही आज टिकलेले आहे. मात्र जे टिकेल असे आपण मोठी माणसे धरून चालतो ते बहुधा टिकत नाही, आणि ज्याकडे आपण लक्षच दिले नव्हते ते नेमके मुलांना जाऊन भिडते.

हे कशाच्या आधारावर म्हणतो? गेले दीडेक वर्ष सणसवाडी आणि शिक्रापुरातल्या ओळखीच्या घरांत, रविवारी दुपारी आठ-दहा मुले जमवून जुने विज्ञानपट लावायचा उद्योग मी करतो आहे. ही कसली पाहणी नव्हे, तिच्यामागे संस्था नाही, आकडेवारी तर नाहीच. पण गाव मात्र या कामाला मोठे नामी मिळाले आहे. शिरूर तालुक्यातले हे गाव एके काळी कोरडवाहू शेतीचे. आज ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरपासून लहानमोठ्या सुट्या भागांच्या शेडपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबे गावात खोल्या घेऊन राहतात. त्यांची मुले शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि घरात तिसरेच काही बोलतात. यंत्रमानव ही त्यांच्या लेखी पुस्तकातली गोष्ट नाही. कंपनीत वेल्डिंगचा रोबो कसा हात फिरवतो ते त्यांच्या वडिलांनी जेवताना सांगितलेले असते. विज्ञानपटाला याहून जाणकार प्रेक्षक कुठे मिळणार?

सुरुवात अगदी मुळापासून केली. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ साली केलेला ‘चंद्राची सफर’ हा मूकपट जेमतेम पाव तासाचा आहे. टोकदार टोप्या घातलेले खगोलशास्त्रज्ञ तोफेच्या गोळ्यात बसून चंद्रावर जातात आणि तो गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात घुसतो. हे चित्र पाहून मुले खो खो हसली. पण ही मुले म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ‘चांद्रयान-३’चा विक्रम लँडर उतरताना टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेली मुले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘काका, तिथं पाऊसच नाही, तर यांनी छत्र्या कशाला नेल्या?’’ प्रश्न बिनतोड होता. पुढे चंद्रावरचे रहिवासी छत्रीच्या एका फटक्यासरशी धूर होऊन नाहीसे होऊ लागले, तेव्हा छत्री कशाला नेली याचे उत्तर तिला मिळाले आणि तिने ते मान्यही केले. चित्रपट पुन्हा लावा अशी मागणी झाली. सव्वाशे वर्षांच्या म्हाताऱ्या चित्रपटाला याहून जास्त काय हवे?

मेलिएस मुळात जादूगार होता, आणि आपले दादासाहेब फाळकेही. ‘केळफा’ हे आपल्या आडनावाचे उलटे नाव घेऊन ते जादूचे प्रयोग करीत. १९१२ च्या सुमारास वाटाण्याचे रोप उगवताना त्यांनी थोड्या थोड्या वेळाने टिपले आणि दिवसांचे काम पडद्यावर क्षणांत घडवून दाखवले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजली. पुण्यात प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ साली तुकोबांना विमानातून वैकुंठाला नेले. याला कोणी विज्ञानपट म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण पडद्यावर अशक्य गोष्ट घडवून दाखवण्याची हातोटी आपल्याकडे परदेशातून उसनी आलेली नाही, एवढे मुलांना कळावे म्हणून मी हे तुकडे मध्ये मध्ये लावतो. मुलांना सगळ्यांत आवडते ते वाटाण्याचे रोप. का, ते मला अजून नीट उमगलेले नाही.

आता ‘२००१’. स्टॅन्ली कुब्रिकचा हा चित्रपट १९६८ सालचा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या एक वर्ष आधीचा. कथा कुब्रिक आणि आर्थर क्लार्क या दोघांची. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे यात कोणी एक शब्द बोलत नाही. वानरे हिंडतात, हाडे आपटतात, काळा चौकोनी स्तंभ उभा राहतो. आमच्या पिढीला याचे केवढे अप्रूप! मुलांना अजिबात नाही. ‘‘काका, हे कवा बोलणार?’’ असे दहाव्या मिनिटाला एकाने विचारले आणि पंधराव्या मिनिटाला दोघे पाणी प्यायला उठले ते बराच वेळ आले नाहीत. अवकाशयाने वॉल्ट्झच्या सुरांवर संथपणे गिरक्या घेतात तो भागही मुलांच्या डोक्यावरून गेला. ज्या दृश्यांनी आम्ही दिपून गेलो होतो, ती आज संगणकावरच्या कुठल्याही खेळात रोज दिसतात. यात मुलांचा काही दोष नाही.

पण पुढे एक अगदी साधे दृश्य येते. अवकाशस्थानकावर थांबलेला एक शास्त्रज्ञ पृथ्वीवर आपल्या लहान मुलीला फोन लावतो, पडद्यावर तिचा चेहरा दिसतो. मुलीचा वाढदिवस आहे, बाबा येऊ शकणार नाहीत. मुलगी खुर्चीत चुळबुळ करते, इकडेतिकडे बघते, वाढदिवसाला काय हवे ते सांगते. (कुब्रिकने या भूमिकेसाठी आपल्या स्वतःच्या मुलीला बसवले होते.) १९६८ च्या प्रेक्षकाने या दृश्यात चेहरा दाखवणारा फोन पाहिला. सणसवाडीच्या मुलांना त्या फोनचे काहीच वाटले नाही. त्यांनी बाप पाहिला. बिहारमध्ये राहिलेल्या धाकट्या बहिणीशी रोज रात्री असेच बोलणारा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘ती पण अशीच करते, नीट बघतच नाही.’’ मग बोलणे संपल्यावर पडद्यावर फोनचे बिल येते, १ डॉलर ७० सेंट. हे पाहून सगळी मुले एकदम ओरडली, ‘‘पैसे कशाला?’’ कुब्रिकला सगळे सुचले, पण बोलणे फुकट होईल हे काही सुचले नाही. शिवाय त्याच्या अवकाशयानावर पॅन ॲम कंपनीचे नाव आहे. ती विमान कंपनी १९९१ सालीच बंद पडली.

आणि हॅल. अवकाशयान चालवणारा, कधीही न चुकणारा, गोड बोलणारा संगणक. मला वाटले होते, घराघरांत बोलणारी यंत्रे आल्यावर हॅलचे कौतुक ते काय राहणार! कौतुक राहिले नाही हे खरे. भीती मात्र दुणावली. दोन अंतराळवीर हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून एका बंद कुपीत जाऊन बोलतात, आणि काचेपलीकडून तो त्यांचे ओठ वाचतो. हे दृश्य आले आणि खोलीत चिडीचूप झाले. मोबाइलसमोर सायकलचे नाव काढले की थोड्या वेळाने सायकलची जाहिरात येते, अशी या मुलांची पक्की समजूत आहे. ती कितपत खरी हा वेगळा विषय. पण ऐकणारे यंत्र म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. शेवटी हॅलची स्मृती एकेक करून काढली जाते आणि तो लहान मुलासारखा गाणे म्हणत म्हणत मंदावत जातो. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका संगणकाकडून खरोखर हेच गाणे म्हणवून घेतले होते. त्या वेळी मुलांमध्ये सरळ दोन तट पडले. निम्म्यांना वाटले, बरी अद्दल घडली. निम्मी हॅलच्या बाजूने गेली. ‘‘त्याला खोटं बोलायला कुणी लावलं?’’ असा त्यांचा सवाल होता. या चित्रपटावर मी बरेच काही वाचले आहे. पण मुद्द्याला इतक्या झटक्यात हात घालणारे थोडेच.

हॅलवरून आठवले. आपल्या महाराष्ट्रात हाळ नावाचे एक गाव आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खालापूरजवळ. या गावाचे नाव जागतिक विज्ञानपटांच्या इतिहासात आहे आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना ते ठाऊक आहे. स्टीव्हन स्पिलबर्ग १९७७ च्या फेब्रुवारीत आपल्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटाचा एक प्रसंग चित्रित करायला तिथे आला होता. तेव्हा तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव नंतरचे. सोबत फ्रान्सचा थोर दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो होता, पण दिग्दर्शक म्हणून नव्हे, चित्रपटातल्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत. प्रसंग असा : साधू-बैराग्यांचा आणि गावकऱ्यांचा प्रचंड जमाव पाच सुरांची एक धून पुनःपुन्हा आळवतो आहे. हे सूर तुम्हाला कुठून ऐकू आले, असे त्यांना विचारले जाते. आणि शेकडो हात एकदम आकाशाकडे जातात.

ना उडती तबकडी, ना परग्रहवासी. फक्त माणसे, त्यांचे आवाज आणि वर गेलेले हात. पडद्यावर गावाचे नाव येते धर्मशाला, उत्तर भारत. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे आपले गाव थेट हिमालयात नेऊन ठेवलेले! हा प्रसंग मी मुलांना आधी काही न सांगता दाखवला. ‘‘हे आपल्यासारखेच लोक आहेत,’’ हा पहिला उद्गार. जागा इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, घाट उतरला की लगेच, हे सांगितल्यावर त्यांनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. प्रत्येक वेळी हात वर गेले की यांचेही हात वर. संपूर्ण चित्रपटात मुलांचा सर्वांत आवडता प्रसंग हाच, शेवटच्या त्या झगमगत्या महाकाय यानापेक्षाही. ज्या प्रसंगावर यंत्रकरामतीचा खर्च जवळजवळ नाही तोच सर्वांत ताजा राहावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तरीही एक नववीतली मुलगी नाराज होती. ‘‘अमेरिकेतल्या माणसांना नावं आहेत. आपल्या माणसांना नाहीत. ती नुसती ओरडतात.’’ तिचे खरेच आहे. जुने विज्ञानपट अशा बाबतीत फार उघडे पडतात. तारे, ग्रह, दीर्घिका यांच्यापर्यंत ज्यांची कल्पना पोहोचली, त्यांना स्त्री अवकाशयानाची कप्तान होईल हे बराच काळ सुचले नाही. १९५०च्या दशकातल्या चित्रपटांत बायका किंचाळतात, बेशुद्ध पडतात किंवा कॉफी आणून देतात. ‘‘ही फक्त चहाच देणार का?’’ असे मुली विचारतात, तेव्हा ‘त्या काळी तसेच होते’ एवढे सांगून भागत नाही. त्या काळीही व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १९६३ साली एकटी अवकाशात जाऊन आली होती. चित्रपटवालेच मागे होते.

‘स्टार वॉर्स’ची गत तर फारच वाईट झाली. आणि त्यात त्याचा अपराध काही नाही. १९७७ सालच्या या चित्रपटाची गेल्या अर्धशतकात इतक्यांनी नक्कल केली आहे की आता मूळच नकलेसारखे दिसते. मुले म्हणाली, ‘‘हे सगळं पाहिलंय.’’ त्यांनी ‘स्टार वॉर्स’ पाहिला नव्हता, पण त्याच्यावरून बेतलेले पंचवीस चित्रपट पाहिले होते. नाट्यसंगीत आधी वाद्यवृंदातल्या नकलांतून ऐकलेल्याला मूळ गायकाची ध्वनिमुद्रिका ऐकवावी तसा हा प्रकार. त्यावर इलाज नाही. मी तरी तो पुन्हा लावायच्या फंदात पडलो नाही.

याच्या उलट ‘जुरासिक पार्क’. १९९३ चा हा चित्रपट आपल्याकडे १९९४ मध्ये हिंदीतून आला आणि इंग्रजी चित्रपट केवळ शहरांपुरते असतात ही समजूत त्याने मोडून काढली. सव्वादोन तासांच्या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यातलीही संगणकावर घडवलेली दृश्ये त्याहून कमी. बाकी सारे कारागिरांनी बनवलेले यांत्रिक प्राणी. उरलेल्या वेळात काय आहे? वाट पाहणे. पेल्यातल्या पाण्यावर उठणारे तरंग. वीज गेलेले कुंपण. गवत हलते आहे, पण कशाने ते दिसत नाही.

शिरूर तालुक्यातल्या मुलाला हे दृश्य दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा. उसाच्या फडाजवळून संध्याकाळी जायचे नाही, एकट्याने जायचे नाही, पाचट वाजले की थांबायचे नाही, हे इथल्या मुलांना बालवाडीपासून ठाऊक असते. बिबट्या हा इथे चित्रपटाचा विषय नाही. २०२५ साली याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की काळोखात पाणी द्यायला जाणारा बाप परत येईपर्यंत घर जागे असते. पडद्यावर वीज गेली आणि कुंपण निर्जीव झाले, तेव्हा आसपासच्या वाडीवरून आलेला एक मुलगा उठून माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला घरी जायचे नव्हते, चित्रपट पाहायचाच होता. फक्त भिंतीला पाठ हवी होती. संथपणाला आजची मुले कंटाळतात हे मी पुष्कळ ऐकले आहे. ज्या संथपणात काहीतरी दबा धरून बसलेले असते, त्याला ती कंटाळत नाहीत. ‘२००१’मधल्या वानरांच्या दृश्यात ते त्यांना जाणवले नाही, एवढाच फरक.

हिंदीकडे वळलो तर ‘मिस्टर इंडिया’वाचून गत्यंतर नाही. शेखर कपूरचा १९८७ सालचा हा चित्रपट आजही घरादाराला एकत्र बसवतो. अदृश्य होण्याची युक्ती नवी नाही; अशोककुमारने १९५७ साली ‘मिस्टर एक्स’मध्ये ती केली होती. पण लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो, ही एक बारीकशी अट घालून लेखकांनी सगळ्या गोष्टीत जीव आणला. मुले आता प्रत्येक खोलीत लाल वस्तू शोधत बसतात. या चित्रपटातले तंत्र कधीच शिळे झाले. मोगॅम्बोचा अड्डा तर आज गॅदरिंगमधल्या नेपथ्यासारखा दिसतो. टिकले काय? घरमालकाचे थकलेले भाडे, धान्यातले खडे आणि रिकाम्या डब्यांभोवती जमलेली अनाथ मुले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

सत्यजित राय यांची हकिगत इथे सांगायला हवी. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात उतरलेल्या एका परग्रहवासीयावर त्यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली. हॉलिवूडची कोलंबिया कंपनी तिच्यात उतरणार होती. पण ते काही तडीस गेले नाही. पुढे १९८२ मध्ये ‘ई.टी.’ आला तेव्हा या दोन्हींतल्या साम्याची बरीच चर्चा झाली. स्पिलबर्गने आपला काही संबंध नसल्याचे सांगितले. तो वाद राहू द्या. ‘ई.टी.’ मुलांना आजही रडवतो, हे मी पाहिले आहे. मात्र त्याआधी ‘कोई... मिल गया’ पाहिलेले असते आणि ‘‘याने जादूची कॉपी केली,’’ असा उलटा आरोप स्पिलबर्गवर होतो. त्याला माझा नाइलाज आहे.

आता खरी अडचण. ती मुलांच्या चंचलपणाची नाही, मोबाइलचीही नाही. भाषेची आहे. हे चित्रपट आमच्या पिढीतल्या ज्यांनी पाहिले ते पुण्या-मुंबईचे, इंग्रजी बऱ्यापैकी कळणारे किंवा कळल्याचे सोंग वठवणारे. सणसवाडीतल्या सातवीच्या मुलाला ‘हॅल’चे बोलणे कोण सांगणार? मी दर दोन मिनिटांनी चित्रपट थांबवून मराठीत सांगतो, त्याने रसभंग होतो. जुन्या विज्ञानपटांना मराठी उपशीर्षके जवळजवळ मिळतच नाहीत. पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, प्रभातच्याच जागेवर चित्रपट शिक्षण देणारी संस्था आहे, गावोगावच्या शाळांत आता मोठे डिजिटल पडदे बसले आहेत. पण यातले एक टोक दुसऱ्या टोकाला जोडलेले नाही. पंचवीस चांगल्या चित्रपटांना नेटकी, मुलांना वाचता येतील अशी मराठी उपशीर्षके करायची तर चार-पाच भाषांतरकारांचे वर्षभराचे काम आहे. चांद्रयानावर अभिमानाने भाषणे देणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना एवढे जमायला हरकत नसावी.

आणि मराठी विज्ञानपट? डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावाने पाठवली, त्याला आता अर्धशतक उलटले. ‘यक्षांची देणगी’ आली, ‘वामन परत न आला’ आली. माणसाने घडवलेले बुद्धिमान यंत्र माणसाच्याच डोक्यावर बसू पाहते, हा आज रोज वर्तमानपत्रांत गाजणारा विषय त्या कादंबरीत कधीच येऊन गेला आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली. त्यांच्या कथांवर मराठी मुलांसाठी एक दणदणीत चित्रपट काढावा, असे मात्र आपल्या निर्मात्यांना कधी मनापासून वाटले नाही. पैसा नाही, ही सबब सांगू नये. हाळ गावातल्या त्या प्रसंगाला काय लागले होते? माणसे, पाच सूर आणि आकाश. शिवाय याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. द्राक्षबागांच्या शेजारी आकाशाकडे कान लावून बसलेल्या त्या तबकड्यांहून चांगले नेपथ्य कुठला स्टुडिओ बांधणार आहे?

भाषेच्या अडचणीवर मला सापडलेला एकच तोडगा म्हणजे मूकपट. फ्रिट्झ लँगचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये झळकला. वर चैनीत राहणारे मालक, खाली जमिनीच्या पोटात यंत्रे चालवणारे कामगार आणि कामगारांत फूट पाडण्यासाठी घडवलेला स्त्रीरूपी यंत्रमानव, अशी ही गोष्ट. अडीच तासांचा चित्रपट, तोही मुका. मुले बसणार नाहीत या भीतीने मी तो वर्षभर लावलाच नव्हता. पाट्या मराठीत मोठ्याने वाचायचे काम दोन मुलींवर सोपवले. आपल्याकडे मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभे राहून अशाच पाट्या वाचल्या जात.

सुरुवातीलाच शिफ्ट बदलते. एक तुकडी आत जाते, एक बाहेर येते. सगळ्यांच्या माना खाली, पावले एका ठेक्यात. ‘‘सेकंड शिफ्ट सुटली,’’ कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. पण तो लगेच ओसरला. दहा तासांचे घड्याळ, त्याच्या काट्यांसारखे हात फिरवत यंत्राला जुंपलेला माणूस, थकून पडला तर दुसरा. त्या दिवशी एका मुलाचे वडीलही येऊन बसले होते. कंत्राटी कामगार, रात्रपाळी करून आलेले. ते झोपतील असे वाटले होते. ते शेवटपर्यंत जागे राहिले. मध्ये एकदाच बोलले. यंत्रमानवाचे डोळे उघडतात तेव्हा म्हणाले, ‘‘आमच्याकडं आल्यात अशा दोन. बोलत न्हाईत, पण चार माणसांचं काम करत्यात.’’ ती चार माणसे कुठे गेली, असे त्यांच्या मुलाने विचारले. तिघे दुसऱ्या लाइनला, एक गावाकडे.

‘मेट्रोपोलिस’चा शेवट फसला आहे, हे खुद्द लँगलाही पुढे वाटू लागले होते. यंत्रे मोडतात, कामगारवस्ती पाण्याखाली जाते, मुले थोडक्यात वाचतात आणि अखेरीस मालकाचा मुलगा मध्यस्थ होऊन बापाचा हात मुकादमाच्या हातात देतो. पाट्या वाचणाऱ्या मुलीने शेवटची पाटी वाचली, संगीत थांबले. मुले काही क्षण पडद्याकडे तशीच बघत राहिली. मग तो मघाचा मुलगा म्हणाला, ‘‘पण मग पगार वाढला का?’’

चित्रपटात ते सांगितलेले नाही, असे मी म्हणालो. यावर मुलांनी एकमताने तो चित्रपट अर्धा राहिला आहे असे ठरवले, आणि पुढचे काय झाले असेल यावर अंधार पडेपर्यंत भांडत बसली.